एकाच गाडीवर दोन काचा, एकोणीस महिने: टवका का पडतो आणि चीर का धावते

गेल्या एकोणीस महिन्यांत माझ्या गाडीची पुढची काच दोनदा बदलली. पहिली बदली काच पाच महिन्यांत गेली. दुसरीला चौदा महिने झाले, तिने सुमारे २७,००० किलोमीटर पाहिले, तिच्यावर तीन टवके पडले, आणि ती अजून शाबूत आहे. गाडी तीच, रस्ता तोच, चालवणारी मीच. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे. "हल्लीच्या काचाच कच्च्या" असं म्हणून हा विषय संपत नाही, हे मला पदरचे पैसे घालून कळलं आहे.

गाडी उंच, चौकोनी तोंडाची. काच बरीच उभी. रोज जाऊन-येऊन ९० किलोमीटर, त्यातले बरेचसे ट्रक आणि डंपरांच्या सोबतीने. गाडीबरोबर आलेली मूळ काच चार वर्षं टिकली. शेवटी डंपरवरून घसरलेल्या एका मोठ्या दगडाने ती बरोबर मध्यात फुटली. त्या दगडापुढे कुठलीच काच टिकली नसती, त्यामुळे तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते पहिल्या बदली काचेबद्दल. बसवून साडेचार महिने झाले होते. सकाळ थंड होती, काचेवर दव होतं. मी गाडी सुरू केली आणि ब्लोअर गरम करून पूर्ण जोरात काचेवर सोडला. दोन-तीन मिनिटांत उजव्या खालच्या कोपऱ्यातून "टक्" असा बारीक आवाज आला. पाहिलं तर काळ्या पट्टीच्या आतून बोटभर चीर वर आलेली. गाडी जागेवरून हललीही नव्हती.

ज्यांनी काच बसवली होती त्यांच्याकडे गेले. कारागीर म्हणाला, "ताई, खडी लागली असणार. तुमच्या लक्षात आलं नसेल." खडीची खूण कुठे आहे ते दाखवा म्हटलं, तर त्याने लांबूनच हात केला आणि हमीत हे बसत नाही म्हणून सांगितलं. हे मला फार लागलं. कारण खडीने आलेली चीर आणि ताणाने आलेली चीर यांत फरक असतो आणि तो पाहायला पाच मिनिटं पुरतात. बॉलपेनचं टोक चिरेवरून बाहेरच्या बाजूने हलकेच फिरवायचं. खडी लागलेली असेल तर चिरेवर कुठेतरी बारीकसा खड्डा असतो, टोक तिथे अडकतं. ताणाची चीर कडेपासून निघते, सुरुवातीला कडेला काटकोनात जाते, मग वळते, आणि तिच्यावर कुठेच खड्डा सापडत नाही. माझ्या काचेवर पेन सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुठेही अडकलं नाही.

काच लगेच बदलणं जमणार नव्हतं. मग मी रोज रात्री आतल्या बाजूने चिरेच्या टोकाशी मार्करने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहू लागले. पहिले तीन दिवस चीर रोज सुमारे दोन सेंटिमीटर पुढे गेली. नंतर चार दिवस ढिम्म, एक मिलिमीटरही नाही. मला वाटलं, थांबली. आठव्या दिवशी दुपारी गाडी कडक उन्हात उभी होती आणि अचानक पावसाची सर आली. तासाभरात चीर १४ सेंटिमीटर धावली. अकराव्या दिवशी ती माझ्या नजरेच्या रेषेत आली आणि मग मी गाडी चालवणं बंद केलं.

या अकरा रेघांनी मला जे शिकवलं ते आधीच माहीत असतं तर बरं झालं असतं. १९२१ साली ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने दाखवून दिलं की काच जितकी मजबूत असायला हवी त्याच्या कितीतरी कमी ताणावर तुटते, कारण तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे आणि भेगा असतात आणि सगळा ताण त्या भेगांच्या टोकाशी गोळा होतो. भेग जितकी लांब, तितका ती पुढे सरकायला ताण कमी लागतो. पोलाद अशा वेळी टोकाशी थोडं वाकतं, दबतं, ताण पसरवून टाकतं. काचेला ते जमत नाही. त्यातून पाणी मिळालं की आणखी वाईट. पाण्याचे रेणू भेगेच्या टोकाशी ताणलेले सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध तोडायला मदत करतात, त्यामुळे ओली भेग कोरड्या भेगेपेक्षा कमी ताणावर सरकते. माझ्या काचेवर त्या दुपारी दोन्ही गोष्टी एकदम आल्या: तापलेल्या पृष्ठभागावर गार पाणी, आणि तेच पाणी भेगेच्या आत.

उष्णतेचा हिशेब मला आधी क्षुल्लक वाटायचा. साधी काच दर अंशाला दहा लाखांत नऊ भाग एवढीच प्रसरण पावते. म्हणजे एक मीटर लांबीची काच ५० अंशांनी तापली तर वाढ जेमतेम ०.४५ मिलिमीटर. पण सगळी काच सारखी तापली तरच ही वाढ निरुपद्रवी. ब्लोअरची गरम हवा आतल्या बाजूने खालच्या एका पट्ट्यावरच बसते, भोवतालची काच गारच असते, आणि तापलेला भाग तिला ओढतो. उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की बाहेरचा पृष्ठभाग आकसू पाहतो आणि आतली गरम काच त्याला आकसू देत नाही. दोन्ही वेळा बाहेरचा थर ताणला जातो, आणि टवके बाहेरच्या थरावरच असतात. निर्दोष काच हे सगळं रोज सोसते. माझी काच निर्दोष नव्हती.

ते कळलं ती काढताना. दुसऱ्या वर्कशॉपमध्ये काम करणारे काका वयाने मोठे, बोलायला कमी. त्यांनी आधी माझी मार्करची रेघोटी नीट पाहिली, मग चीर पाहिली आणि म्हणाले, "काच काढताना थांबा इथेच, तुम्हाला दाखवतो." गोंद कापायची तार फिरवून दोघांनी काच उचलली. उजव्या कोपऱ्यात चौकटीच्या पत्र्यावर जुन्या गोंदाचा वाळलेला गोळा तसाच होता, आणि नवी काच नेमकी त्याच्यावर टेकलेली होती. बाकी सगळीकडे गोंदाची मऊ गादी, आणि या एका जागी टणक उंचवटा. मग त्यांनी काच उभी करून कडेवरून बोट फिरवलं आणि माझंही बोट तिथे नेलं. टाचणीच्या डोक्याएवढी कपची उडालेली होती. बहुधा बसवताना काच कशावर तरी आपटली असावी. चीर तिथूनच निघाली होती.

पुढची काच आता गाडीच्या सांगाड्याचाच भाग असते. ती युरेथेनच्या गोंदाने चौकटीला चिकटवलेली असते. अपघातात छत दबू नये म्हणून ती आधार देते, आणि बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना तिच्यावरच रेलते. गाडी खड्ड्यातून जाताना सांगाडा थोडा पिळवटतो आणि त्या पिळाचा काही भाग काचेला मिळतो. गोंद सगळीकडे सारख्या जाडीचा असेल तर तो पीळ वाटला जातो. एका जागी टणक काही असेल, चौकटीला गंज चढून पत्रा फुगला असेल, किंवा काचेची वळणं चौकटीशी जुळत नसताना ती दाबून बसवली असेल, तर काच पहिल्या दिवसापासून वाकलेल्या अवस्थेतच जगते. अशी काच बाहेरून अगदी सुरेख दिसते. तिला फुटायला निमित्त लहानसंच लागतं.

कडेचं महत्त्व कारखान्यातच ठरतं. काच तापवून वळवतात आणि हळूहळू थंड करतात, तेव्हा अगदी कडेचा पट्टा दाबलेल्या अवस्थेत राहतो आणि त्याच्या थोडं आत एक ताणलेला पट्टा तयार होतो. म्हणून मधोमध पडलेला टवका महिनोन्‌महिने शांत राहू शकतो, आणि तसाच टवका कडेपासून चार-पाच सेंटिमीटरवर पडला तर लगेच हातभर चीर धावते.

आता खडीबद्दल. दादाकडे उतरत्या नाकाची सेडान आहे, तीही याच रस्त्यावर धावते. चार वर्षांत त्याच्या काचेवर एकच टवका. फोनमधला कोनमापक काचेच्या मधल्या रेषेवर ठेवून दोन्ही गाड्या मोजल्या. माझी काच जमिनीशी ५८ अंशांत, त्याची २९ अंशांत. समोरून सरळ आलेल्या खडीच्या वेगापैकी काचेत थेट घुसणारा भाग माझ्या गाडीत ८५ टक्के, त्याच्या गाडीत ४८ टक्के. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते, म्हणून तीच खडी त्याच वेगात माझ्या काचेवर जवळपास तिप्पट जोराने बसते. त्याच्या काचेवर ती घसरून वर निघून जाते. उतरती काच आकाराने मोठी असते, तिला जास्त खडी लागेल असं पुष्कळ लोक म्हणतात. पण समोरून येणाऱ्या खडीला काचेची दिसणारी उंची आणि रुंदीच भेटते, आणि ती दोन्ही गाड्यांत फारशी वेगळी नाही. काही मॉडेलच्या काचा सारख्या फुटतात अशी तक्रार ऐकू आली की मी आता आधी त्या गाडीची बाजूने उभी आकृती डोळ्यांसमोर आणते.

कोन आपल्या हातात नाही, वेग आहे. ८० वरून १०० वर गेलं की वेग पाव हिश्शाने वाढतो, आघात मात्र दीडपटीहून जास्त. पुढच्या ट्रकच्या टायरने उडवलेली खडी पुष्कळदा आपल्याइतक्या वेगाने पुढे जात नसते, आपणच तिच्यावर जाऊन आदळतो. समोरून येणाऱ्या गाडीने आपल्या दिशेने उडवलेली असेल तर तिचा वेग आपल्या वेगात मिळतो. मी आता डंपरच्या मागे पूर्वीच्या दुप्पट अंतर ठेवते. मध्ये कोणी घुसलं तर घुसू देते.

खडीचा आकारही पाहायला हवा. मोठा गुळगुळीत गोटा काचेला पुष्कळदा फक्त ठोकून जातो. लहान, टोकदार खडा सगळा जोर एका बिंदूवर देतो. त्यात गारगोटीचा तुकडा असेल तर तो काचेहून कठीण असतो: मोह्सच्या मापावर गारगोटी ७, काच साडेपाच ते सहा. नुसती वाळूही काचेला रोज बारीक बारीक टोचत असते. माझी मूळ काच चार वर्षांत किती टोचली गेली होती ते नवी बसल्यावर कळलं. रात्री समोरच्या दिव्यांभोवती जो धूसर फुलोरा दिसायचा तो मी डोळ्यांचा दोष समजत होते. नव्या काचेतून पहिल्याच रात्री दिवे स्वच्छ दिसले. ते असंख्य टोचे नजरेला त्रास देतात आणि प्रत्येक टोचा म्हणजे ग्रिफिथने सांगितलेली एक तयार भेगही असतो, म्हणून जुनी काच नव्यापेक्षा लवकर फुटते.

काचेची जाडीही मी पाहिली, कारण काकांकडे मापक होतं. पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये पीव्हीबी या प्लास्टिकचा चिवट पडदा, साधारण ०.७६ मिलिमीटर. वजन घटवण्यासाठी हल्ली आतला थर पातळ करतात. काढलेली काच साडेचार मिलिमीटर भरली, नवी जवळपास पाच. फरक आहे, आणि पातळ काच जास्त लवते हेही खरं. तरी पहिली काच गेल्याचं खापर मी जाडीवर फोडणार नाही. दादाच्या गाडीची काचही साडेचारचीच आहे आणि ती ठणठणीत आहे.

कोपऱ्यातल्या शिक्क्याबद्दल माझा गैरसमज होता. 'ई' अक्षराचं वर्तुळ आणि ४३ आर असं लिहिलेलं दिसलं की काच मजबूत, असं मी धरून चालले होते. तो शिक्का संयुक्त राष्ट्रांच्या ४३ क्रमांकाच्या नियमावलीचा. त्यातल्या एका चाचणीत २,२६० ग्रॅमचा पोलादी गोळा चार मीटर उंचीवरून काचेवर सोडतात आणि तो पाच सेकंदांत आरपार जाता कामा नये. म्हणजे परीक्षा आहे ती काच फुटल्यावर माणसाला वाचवते का याची. टवका किती सहज पडतो, हे त्यात कोणी पाहत नाही. अशा थरांच्या, म्हणजे लॅमिनेटेड काचेचा जन्मच फुटल्यावर तुकडे न उडण्याच्या गुणातून झाला. १९०३ मध्ये फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेडिक्टस यांच्या हातून एक काचेची कुपी पडली. ती तडकली, पण आत सुकलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या थरामुळे तुकडे एकमेकांना धरून राहिले. १९०९ मध्ये त्यांनी त्यावर पेटंट घेतलं. बाजूच्या काचा बहुधा टफन्ड, म्हणजे तापवून झटक्यात थंड केलेल्या असतात, त्यांच्यावर टवका सहसा पडत नाही, पण फुटल्या की क्षणात दाणे दाणे होऊन खाली येतात. पुढची काच तशी केली तर एका खडीने समोरचं सगळं दिसेनासं होईल. ती तडकते पण जागा सोडत नाही, आणि तिच्याकडून मला तेवढंच हवं आहे.

दुसऱ्या काचेचा चौदा महिन्यांचा हिशेब असा. बसवताना काकांनी चौकटीवरचा जुना गोंद सगळीकडे एकसारखा पातळ तासला, पत्र्यावर जिथे ओरखडा आला तिथे प्रायमर लावला, आणि गोंदाची त्रिकोणी वळी एका दमात, न तोडता फिरवली. गोंद धरेपर्यंत गाडी दिली नाही. आरशामागच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशनही, म्हणजे नव्या काचेतून तो नीट पाहील अशी जुळवणी, करून दिलं. पहिल्या ठिकाणी ते केलंच नव्हतं, आणि त्या कॅमेऱ्यावर चालणारा, रस्त्यावरची पट्टी ओलांडल्याचा इशारा पाच महिने भलत्याच वेळी वाजत होता.

पहिला टवका तिसऱ्या महिन्यात: सुईच्या टोकाएवढा खड्डा, पाय, म्हणजे त्यातून फुटलेल्या भेगा, नाहीत. तो तसाच सोडला. दुसरा सातव्या महिन्यात, डाव्या बाजूला मध्यावर, चार पायांची चांदणी. आवाज आला तसं गाडी बाजूला घेतली, काच कोरडी होती तोवरच वर पारदर्शक चिकटपट्टी लावली, म्हणजे धूळ आणि पाणी आत जाणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यात रेझिन, म्हणजे नंतर घट्ट होणारा पारदर्शक द्रव, भरून घेतलं आणि उभं राहून सगळं पाहिलं. टवक्यावर चोखणीवर बसणारं एक लहान यंत्र लावतात, आधी आतली हवा ओढून घेतात, मग दाबाने रेझिन सोडतात. भिंगातून चांदणीचे पाय काळे दिसत होते, कारण त्यांत हवा होती आणि प्रकाश तिथून परतत होता. रेझिन काचेसारखाच प्रकाश वाकवतं. ते जसजसं आत शिरलं तसतसा एकेक पाय टोकाकडे विरत गेला. तीन पाय पुसले गेले, चौथ्यात चंदेरी केसाएवढी रेघ उरली. त्या मुलाने घाई केली नाही. पुन्हा हवा ओढली, पुन्हा दाब दिला, आणि तीही गेली. मग यूव्ही (अतिनील) दिव्याखाली रेझिन घट्ट झालं. मधला ठिपका अजून दिसतो, तो दिसणारच. पण सात महिने झाले, एकही पाय सरकलेला नाही.

हे काम वेळेवर झालं तरच होतं. आत पाणी आणि माती बसली की रेझिन नीट धरत नाही. आतला थर फुटला असेल तर उपाय नाही, आणि अगदी चालकाच्या नजरेसमोरचा टवका भरला तरी उरलेला डाग त्रास देतो.

काचेत खोट म्हणाल तर एक आहे. अगदी खालच्या कडेजवळ, वायपरच्या वर, समोरची रेघ किंचित लहरते. मूळ काचेत तसं नव्हतं. सवय झाली, तरी नव्या काचेतून आधी एकदा सरळ रेषा असलेल्या भिंतीकडे पाहून घ्या, आणि बसवण्याआधी कडेवरून नजर फिरवा. शक्य असेल तर चौकट साफ झाल्यावर, गोंद लावण्याआधी, तिथे हजर राहा. चांगला कारागीर त्याला हरकत घेत नाही, हे मी पाहिलं आहे. वायपरचं पातं काढलं असेल तर त्याचा दांडा काचेवर आपटू देऊ नका, दादाचा तो एकमेव टवका तसाच पडला. आणि थंड सकाळी ब्लोअर आधी कोमट, हलका, मग हळूहळू गरम. माझ्या त्या सकाळच्या दोन-तीन मिनिटांची आठवण मला अजून रोज येते.

तिसरा टवका गेल्या महिन्यातला, वरच्या कडेपासून सहा सेंटिमीटरवर. रेझिन त्याच दिवशी भरलं. तरी जागा अवघड आहे, म्हणून टवक्याच्या उजव्या पायाच्या टोकाशी आतून मार्करची रेघ मारून तारीख लिहिली आहे. आज सकाळी पाहिलं, पाय रेघेच्या अलीकडेच आहे.